कोंबडीचा ताण आणि आतड्याचे आरोग्य

मन अस्वस्थ झाले की पोट बिघडते, हे जाणण्यासाठी मनुष्याला शास्त्रज्ञांची वाट पाहावी लागली नाही. भीतीने पोटात गोळा येतो, अशुभ वार्ता ऐकताच पोटात धस्स होते, चिंता लागली की घास घशाखाली उतरत नाही. हे वाक्प्रचार मराठीत पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहेत. अनुभवाने शिकलेली ही गोष्ट मनुष्यापुरतीच खरी आहे काय? खुराड्यातील कोंबडीला चिंता नसते, उद्याचा विचार नसतो. मग तिच्या शरीराला ताण पडतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्याचा तिच्या पोटाशी संबंध कसा पोचतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ कुतूहलाचे नाही. कुक्कुटपालकाची मिळकत, आणि अंडी व मांस खाणाऱ्या सर्वांचे आरोग्य, ही दोन्ही त्या उत्तराशी जोडलेली आहेत.

देवनहळ्ळीची दुपार

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे जुने गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासात त्याचे नाव येते. तेथील दगडी किल्ला अद्याप उभा आहे. येथील पपनस फार नावाजलेले असून 'देवनहळ्ळी चकोता' या नावाने ते प्रसिद्ध आहे. २००८ साली बंगळूरचा नवा विमानतळ याच परिसरात सुरू झाला. द्राक्षांचे मळे आणि नाचणीची शेते यांच्यामध्ये कोंबड्यांच्या लांबट, दोन्ही बाजूंनी जाळी लावलेल्या शेडही या भागात दृष्टीस पडतात. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या पठाराची हवा सौम्य मानली जाते. नागपूर-चंद्रपूरकडील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना तर ती थंडच वाटेल.

परंतु हवा सौम्य की कडक, हे ठरविण्याचे कोंबडीचे माप आपल्याहून निराळे आहे. पिसे पूर्ण वाढलेल्या कोंबडीला साधारणपणे १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान सुखावह वाटते. बंगळूर परिसरात एप्रिल महिन्यात दुपारचे तापमान सामान्यतः ३४ अंशांच्या आसपास जाते. एप्रिल २०१६ मध्ये बंगळुरात ते ३९.२ अंशांपर्यंत चढले होते. त्यात शेडचे छप्पर पत्र्याचे असेल, तर आतील उष्मा बाहेरच्याहूनही अधिक होतो.

अशा दुपारी शेडमध्ये शिरले असता काय दिसते? कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकीत असतात. पंख अंगापासून दूर धरलेले असतात. खाद्याची भांडी भरलेली तशीच राहतात. पाण्याभोवती मात्र गर्दी असते. दोन दिवसांनी विष्ठा पातळ होऊ लागते, जमिनीवर पसरलेले भाताचे तूस ओले होते, आणि मरतुकीचा आकडा वाढू लागतो. मालक घाबरून औषधाची बाटली शोधू लागतो. रोग आला हे त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु रोगाला दार कोणी उघडले, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

दोन जुने शोध

पचन आणि भावना यांचा संबंध प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची संधी क्ष-किरणांनी दिली. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने त्यांच्या साह्याने अन्नाचा प्रवास पाहण्यास आरंभ केला. त्याच्या पहिल्या प्रयोगांत एक पाळीव हंसही होता. बिस्मथ नावाच्या धातूचा क्षार अन्नात मिसळला की क्ष-किरणांत अन्नाची सावली दिसते. पुढे मांजरांवर प्रयोग करताना कॅननला असे आढळले की, मांजर शांत असताना त्याच्या जठराची लयबद्ध हालचाल चालू असते; पण ते चिडले वा घाबरले की ती हालचाल एकाएकी थांबते. शांत झाले की ती पुन्हा सुरू होते.

दुसरा शोध १९३६ सालचा. कॅनडातील माँट्रिऑल येथे हान्स सेल्ये हा शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होता. थंडी, जखम, अतिश्रम, औषधांच्या घातक ठरू शकणाऱ्या मात्रा असे नाना प्रकारचे आघात त्याने उंदरांवर करून पाहिले. आघात भिन्न, पण शरीरात होणारे बदल बरेचसे एकच होते : मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतील थायमस ग्रंथी आकसलेली, आणि जठर व आतडे यांच्या आतील अस्तरावर व्रण पडलेले. कारणे अनेक असली तरी शरीराचा प्रतिसाद समान असतो, या विचाराला सेल्येने पुढे 'ताण' हे नाव रूढ केले. या संशोधनाच्या पहिल्याच पानावर पोटाची जखम नोंदलेली आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कोंबडीतही हीच यंत्रणा काम करते. संकटाची सूचना मिळताच मेंदूच्या तळाशी असलेले एक छोटे केंद्र पोष ग्रंथीला इशारा देते. पोष ग्रंथी रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथीला जागे करते. आणि त्या ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरोन हे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, स्रवू लागते. कोंबडीला बोलता येत नाही, पण तिचे रक्त बोलते. त्यातील या संप्रेरकाचे प्रमाण मोजता येते. तसेच ताण काही काळ टिकला तर रक्तातील दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे परस्परप्रमाण बदलते. त्यावरूनही ताण ओळखता येतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले.

दाण्याचा प्रवास

पुढील भाग नीट समजण्यासाठी कोंबडीच्या पचनसंस्थेची ओळख करून घेतली पाहिजे. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा प्रथम गळ्याच्या तळाशी असलेल्या अन्नपुटात साठतो व तेथे भिजतो. तेथून तो ग्रंथिल जठरात जाऊन आम्ल व पाचकरस यांत मिसळतो. त्यानंतर येते पेषणी, म्हणजे जाड स्नायूंचे जातेच. तेथे तो भरडला जातो. मग लहान आतड्याचा लांब मार्ग, त्याच्या अखेरीस दोन आंधळ्या गल्ल्यांसारखी अंधनाले, आणि शेवटी अवस्कर, म्हणजे विष्ठा, मूत्र व अंडे या सर्वांचे समाईक द्वार.

लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात; त्यांना रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषण्याचे काम त्यांचे. त्यांच्यावर पेशींचा केवळ एकेरी थर असतो. या थराच्या एका बाजूस अन्न, जंतू आणि जंतूंची विषे. दुसऱ्या बाजूस पाखराचे रक्त. भिंतीतील विटा चुन्याने सांधाव्यात, त्याप्रमाणे शेजारशेजारच्या पेशी विशिष्ट प्रथिनांनी घट्ट सांधलेल्या असतात. या पेशी फार अल्पायुषी असून काही दिवसांत झिजून गळतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. म्हणजे ही भिंत अखंड बांधली जात असते, आणि त्या बांधकामाला प्राणवायू व पोषण यांचा अखंड पुरवठा लागतो. मांसासाठी वाढविलेले ब्रॉयलर पिल्लू अंड्यातून निघताना सुमारे ४० ग्रॅम वजनाचे असते, आणि पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोग्रॅमच्या घरात जाते. एवढी पन्नासपट वाढ ज्या पृष्ठभागातून शिरते तो पृष्ठभाग किती महत्त्वाचा, हे निराळे सांगावयास नको.

रक्त कोठे जाते?

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते, आणि तिच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात. उष्णता बाहेर टाकण्याचे तिच्यापाशी दोन मुख्य मार्ग आहेत. एक, धापा टाकून श्वासावाटे बाष्प सोडणे. आणि दुसरा, तुरा, गळ्याखालील लोंबते गलोल, पाय अशा पिसे नसलेल्या भागांकडे अधिक रक्त पाठविणे.

शरीरातील रक्त मर्यादित आहे. त्वचेकडे ते अधिक गेले की दुसरीकडून काढावे लागते, आणि ते काढले जाते आतड्यातून. संकटकाळी पचन थांबविणे हा निसर्गाचा शहाणा हिशेब आहे; ससाण्याची सावली दिसताच पळायचे असते, दाणा पचवायचा नसतो. पण तो हिशेब काही क्षणांच्या संकटासाठी आखलेला आहे. उष्म्याची लाट मात्र दिवसचे दिवस टिकते. तेवढा वेळ आतड्याच्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो, रसांकुर खुजे होतात, पेशींमधील सांधे ढिले पडतात, आणि जी विषे आतड्याच्या पोकळीतच राहावयास हवी होती ती रक्तात झिरपू लागतात. या विषांचा प्रतिकार करताना शरीरात दाह उत्पन्न होतो. वाढीसाठी वापरावयाची शक्ती त्या लढाईत खर्ची पडते.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वाढीच्या अखेरच्या आठवड्यातील काही ब्रॉयलर २१ अंश तापमानात, तर काही दररोज दहा तास ३१ किंवा ३६ अंश तापमानात ठेवले होते. उष्म्यातील पाखरांचे खाणे व वजनवाढ घटली, रक्तातील कॉर्टिकोस्टेरोन वाढले, आणि आतड्यात सौम्य दाह आढळला. विशेष हे की, ३१ अंश हे काही भयंकर तापमान नव्हे. देवनहळ्ळीसारख्या सौम्य हवेच्या गावीही उन्हाळ्याच्या दुपारी ते सहज ओलांडले जाते.

अंडी देणाऱ्या कोंबड्यांत याच धापांचा आणखी एक परिणाम दिसतो. जलद श्वासामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू अति प्रमाणात बाहेर जातो, कवचाच्या घडणीस लागणारे द्रव्य कमी पडते, आणि अंड्याचे कवच पातळ होते.

आतड्यातील वसाहत

आतडे ही केवळ नळी नव्हे. ती एक गजबजलेली वसाहत आहे. अगणित सूक्ष्मजीव तेथे सुखाने नांदतात. त्यांतील पुष्कळसे उपकारक असून ते आम्ल निर्माण करतात, जागा अडवून ठेवतात, आणि परक्या जंतूंना पाय रोवू देत नाहीत. १९७० नंतरच्या काळात फिनलंडमध्ये कोंबड्यांत साल्मोनेला जंतूंचा मोठा उपद्रव झाला, तेव्हा नुर्मी व रांताला या दोघा शास्त्रज्ञांनी प्रौढ, निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजून पाहिले. अशा पिल्लांत साल्मोनेला सहजासहजी स्थिरावला नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने सिद्ध केले की चांगले शेजारी हेही एक संरक्षण आहे.

ताणाच्या काळात ही वसाहत विस्कटते. पाखरू खात नाही, त्यामुळे उपकारक जंतूंचे अन्न तुटते. अन्नपुटातील आम्लता घटते. पचन मंदावल्याने न पचलेले अन्न पुढे सरकून उपद्रवी जंतूंना मेजवानी मिळते. त्याहून नवलाची गोष्ट १९९२ साली उजेडात आली. भीतीच्या वेळी शरीरात जे नॉरॲड्रेनलिन स्रवते, त्याच्या सान्निध्यात काही रोगकारक जंतू प्रयोगशाळेत झपाट्याने वाढू लागले. यजमान संकटात आहे, ही वार्ता जणू जंतूंनाही कळते.

आतड्यातील पहारा

आतड्याचे आणखी एक कार्य सामान्यतः विसरले जाते. शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या भिंतीतच तैनात असतो. पक्ष्यांत तर अवस्कराला लागून एक छोटी पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याच्या नावाने ती ओळखली जाते. तिचे प्रयोजन कित्येक शतके गूढ होते. १९५६ साली अमेरिकेतील ब्रूस ग्लिक व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ही पिशवी लहानपणीच काढून टाकलेल्या कोंबड्या रोगप्रतिकारक प्रतिपिंडे नीट तयार करू शकत नाहीत. मनुष्याच्या रक्तातील ज्या पेशींना आज 'बी' पेशी म्हणतात, त्यांच्या नावातील ते अक्षर या पिशवीच्या पाश्चात्त्य नावावरूनच आले आहे.

कॉर्टिकोस्टेरोन दीर्घकाळ वाढलेले राहिले की ही पिशवी आकसते. भिंत भेगाळलेली, आत उपद्रवी जंतू माजलेले, आणि पहारेकरी दुबळे : ताणामुळे ही तिन्ही संकटे एकाच वेळी ओढवतात.

ताण अनेक, वाट एक

उष्मा हा येथे उदाहरणादाखल घेतला. पण सेल्येच्या उंदरांप्रमाणे कोंबडीच्या बाबतीतही कारणे पुष्कळ आहेत. पहिल्या आठवड्यातील पिल्लाला ३२ ते ३४ अंशांची ऊब लागते. पठारावरील पौषातल्या रात्री ती न मिळाल्यास थंडी हाच ताण होतो. दाटीवाटी, खाद्यातील अचानक बदल, अपुरे पाणी, लसीकरणाच्या वेळची धरपकड यांनीही ताण पडतो. एकाएकी मोठा आवाज झाला की घाबरलेली पाखरे कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. विक्रीपूर्वी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवून पिंजऱ्यांतून होणारा वाहतुकीचा प्रवास हाही मोठा ताण आहे. भुकेलेली पाखरे दाणा न मिळाल्याने तुसात चोच मारतात, आणि तुसातील जंतू पोटात जातात.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. उष्म्यात पाखरू पाणी फार पिते, विष्ठा पातळ होते, तूस ओले होते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे परजीवी परिपक्व होतात. त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडले की क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना तेथे आयते बीळ सापडते. त्याच तुसातून उठणारा अमोनिया वायू डोळ्यांना व श्वासनलिकेला चुरचुरतो, आणि तो पुन्हा नवा ताण ठरतो.

बाटलीचा मोह

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे आढळले की, प्रतिजैविक औषध तयार करताना उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातल्यास ती जोमाने वाढतात. तेव्हापासून प्रतिजैविके खाद्यात अल्प प्रमाणात मिसळण्याची रीत जगभर पसरली. पोटातील जंतूंचा प्रश्न जणू सुटला, असे वाटले. परंतु अल्प मात्रेत सतत औषध मिळत राहिले की त्याला न जुमानणारे जंतू मागे उरतात व तेच पसरतात. कोंबडीतून ते मनुष्यापर्यंत पोचतात. युरोपीय संघाने २००६ च्या आरंभापासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यास मनाई केली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापर करण्यावर बंदी घातली. इतर औषधे निरुपयोगी ठरली की माणसाच्या उपचारात हेच औषध अखेरचा आधार असते.

म्हणून शेडमधील पातळ विष्ठा पाहून उचललेली बाटली ही एकट्या मालकाची खाजगी बाब राहत नाही. रोग असेल तर औषध दिलेच पाहिजे, आणि ते पशुवैद्याच्या निदानानुसार दिले पाहिजे. पण ताण कायम ठेवून औषध देणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे होय.

उपाय साधे, परंतु वेळेवर

ताणाचे कारण एकदा उमगले की उपायही उमगतात. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. छपरावर चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा गवताचे आच्छादन घालावे. पाणी थंड व मुबलक असावे, आणि त्याची टाकी व नळ सावलीत असावेत. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून उन्हाळ्यात दुपारपूर्वी काही तास खाद्य आवरून पहाटे व सायंकाळी द्यावे. उन्हाळ्याच्या तुकडीत पाखरांची संख्या कमी ठेवावी. तूस वरचेवर खालीवर करून कोरडे राखावे. लस टोचणे, जागा बदलणे व खाद्य बदलणे ही कामे एकाच दिवशी करू नयेत. पाखरे रात्री किंवा मंद प्रकाशात, हळुवारपणे धरावीत. उपकारक जंतूंची पूरके देता येतात. मात्र ती सावली आणि पाणी यांची जागा घेऊ शकत नाहीत.

पाखराच्या निवडीचाही विचार करावा. कानडी मुलखात गावठी कोंबडीला 'नाटी कोळी' म्हणतात. ती सावकाश वाढते, म्हणून तिच्या शरीरात उष्णताही कमी निर्माण होते आणि तिला उष्मा अधिक सोसतो. बंगळूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात परसातील पालनासाठी 'गिरिराज' ही कोंबडी विकसित झाली, तिच्यामागे काटकपणा आणि उत्पादन यांचा मेळ घालण्याचाच विचार होता.

खाणाऱ्यानेही आपले कर्तव्य विसरू नये. अंडी व मांस पूर्ण शिजवून खाल्ल्यास साल्मोनेलासारखे जंतू मरतात. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी व पाट धुणे तितकेच अगत्याचे आहे.

आता पुन्हा देवनहळ्ळीच्या त्या दुपारकडे वळू. चोच उघडी टाकून धापा टाकणारे पाखरू आजारी अद्याप झालेले नाही. त्याच्या आतड्याची एकेरी भिंत अजून उभी आहे, पण तिचे सांधे सुटू लागले आहेत. या घटकेला छपरावर पाणी शिंपडणारा, पाण्याची भांडी पुन्हा भरणारा, दाटी मोडणारा मालक दोन दिवसांनी येणारा रोग आजच परतवीत असतो. पातळ विष्ठा दिसेपर्यंत थांबणाऱ्याला तीच गोष्ट औषधाने, अधिक खर्चाने आणि कमी यशाने करावी लागते.